कूलंट लेव्हल सेन्सर बदलणे : कोकणातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला की आणि गणपतीत मुंबईच्या गाड्या गावाला आल्या की कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, दिव्याबद्दलचे तेच ते प्रश्न पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं वाचायला वेळ नसेल तर १, ३ आणि ४ तरी वाचा. समुद्राकाठच्या बऱ्याच गाड्यांत बिघाड सेन्सरमध्ये नसतोच, त्याच्या जोडणीत असतो.

१. डॅशबोर्डवर कूलंटचा दिवा लागलाय. गाडी थांबवू की घरापर्यंत नेऊ?

थांबवा. घाटात असाल तर वळण टाळून, मागून येणाऱ्यांना दिसेल अशा रुंद जागी घ्या. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि कूलंटची बाटली बाहेरूनच पाहा. पातळी किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये असेल, कुठे गळती दिसत नसेल आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी असेल, तर काट्यावर नजर ठेवून हळू घरी जाता येईल. पातळी किमान खुणेच्या खाली असेल तर इंजिन गार होईपर्यंत गाडी हलवू नका.

गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि दाबामुळेच ते उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो, सगळं एकदम उकळतं आणि तोंडावर, हातावर उसळतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरची वरची नळी हाताला कोमट लागली आणि दाबल्यावर मऊ वाटली, की झाकणावर जाड फडकं धरून पाव फेरा सोडा, फुस्स आवाज थांबू द्या आणि मगच पूर्ण काढा.

२. हा सेन्सर असतो कुठे? माझ्या गाडीत तो आहे का?

तो कूलंटच्या बाटलीत, बहुधा तळाशी किंवा बाजूला असतो. बाटलीला बहुधा दोन वायरींचा छोटा कनेक्टर लागलेला दिसला तर सेन्सर आहे. बाटलीला नुसत्या नळ्याच असतील तर नाही. अनेक छोट्या गाड्यांत फक्त तापमान मोजणारा सेन्सर असतो, पातळीचा नसतोच. अशा गाडीत लाल दिवा लागला म्हणजे इंजिन खरोखर तापलंय.

पातळीचे सेन्सर मुख्यतः दोन जातींचे. पहिल्यात बाटलीच्या आत चुंबक असलेला फ्लोट तरंगतो आणि त्याच्याखाली कोरड्या खोबणीत रीड स्विच (चुंबकाने चालू-बंद होणारा स्विच) बसतो. फ्लोट खाली आला की स्विचची अवस्था बदलते. दुसऱ्यात बाटलीच्या तळातून धातूच्या दोन पिना आत जातात आणि कूलंटमधून त्यांच्यात वीज वाहते. कूलंट खाली गेलं की ती वाट तुटते. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांत ही दुसरी जात असते आणि तिथे पिना बाटलीतच पक्क्या असतात. तुमच्याकडे कोणती जात आहे हे आधी ओळखा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

३. बाटली भरलेली दिसतेय, तरी दिवा जात नाही. सेन्सरच गेला ना?

लगेच तसं समजू नका. पैसे वाचवायचे तर तपास याच क्रमाने करा. आधी गाडी सपाट जागी लावून, रात्रभर गार झाल्यावर पातळी पाहा. जुन्या पिवळट बाटलीत आतल्या डागाची रेघ कूलंटच्या रेघेसारखी दिसते आणि भले भले फसतात. गाडी जरा हलवा. हलते ती खरी पातळी. मग कनेक्टर पाहा (प्रश्न ४), मग सेन्सर (प्रश्न ५), मग फ्लोट (प्रश्न ६), आणि शेवटी वायरिंग. दुकानात जाऊन आधी सेन्सर आणायचा आणि मग बिघाड शोधायचा, हा उलटा क्रम महागात पडतो.

४. घर समुद्राला लागून आहे. खाऱ्या हवेनं कनेक्टर खराब होतो का? साफ कसा करू?

होतो, आणि हा कनेक्टर बाटलीच्या तळाशी असल्यामुळे जास्तच. खारं दमट वारं, पावसाळ्यात चाकांनी उडवलेलं पाणी, फेरीबोटीच्या उतारावरचं खारं पाणी, सगळ्याची वस्ती तिथेच होते. इग्निशन बंद करा, कनेक्टरची खिट्टी दाबून तो काढा आणि टॉर्चच्या उजेडात आतल्या पिना पाहा.

तिथे दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसू शकतात आणि त्यांचा अर्थही वेगळा. कोरडी, पांढरट-हिरवी भुकटी असेल तर ती खाऱ्या हवेची करामत आहे. कनेक्टर साफ केला की काम भागतं. गुलाबी, हिरवा किंवा निळा चिकट ओलावा असेल तर ते कूलंट आहे. म्हणजे सेन्सर किंवा बाटली आतून पाझरतेय आणि कितीही साफ केलं तरी दिवा पुन्हा लागणार. असं कूलंट वायरीच्या बारीक तारांमधून, आवरणाच्या आतून पुढे सरकतं. म्हणून कनेक्टरजवळ वायरीचं आवरण थोडं सोलून तारा काळ्या पडल्यात का तेही बघा. काळ्या असतील तर चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापून नवं टोक जोडावं लागेल.

सफाईला इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि मऊ टूथब्रश पुरतो. पॉलिश पेपरने पिना घासू नका. वरचा कथिलाचा मुलामा जातो आणि मग गंज आणखी वेगाने चढतो. स्प्रे पूर्ण वाळू द्या. कनेक्टरच्या आतलं रबरी सील जागेवर आहे का पाहा. ते हरवलं असेल तर बाकी सगळी मेहनत पहिल्या पावसात वाहून जाते. सीलच्या कडेला सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या आणि खिट्टीचा 'टक' आवाज येईपर्यंत कनेक्टर बसवा. किनाऱ्यावरच्या गाडीला हे काम मे अखेरीस, पावसाच्या आधी करून घेतलेलं बरं.

५. मल्टिमीटरने सेन्सर कसा तपासायचा?

रीड स्विचचा असेल तर सोपं आहे. कनेक्टर काढा आणि सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटरची टोकं लावा. सेन्सर खोबणीतून बाहेर काढून त्याच्याजवळ एखादा चुंबक न्या आणि लांब करा. वाचन बदललं पाहिजे. नुसत्या बीप आवाजावर जाऊ नका, काही सेन्सरमध्ये रोध बसवलेले असतात आणि बीप वाजतच नाही. २० किलोओहमच्या टप्प्यावर आकडा पाहा. चुंबक जवळ आला तरी आकडा ढिम्म हलत नसेल तर सेन्सर गेला.

दोन पिनांच्या जातीत मल्टिमीटरचा आकडा सारखा सरकत राहतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका. तिथे गाडीकडच्या कनेक्टरची परीक्षा घ्या. इग्निशन बंद असताना त्याची दोन टोकं बारीक तारेने जोडा, इग्निशन चालू करा आणि एक-दोन मिनिटं थांबा. दिवा गेला तर वायरिंग ठीक आहे आणि दोष बाटलीतल्या पिनांत आहे. रीड स्विचच्या काही गाड्यांत हे उलट असतं. तिथे जोडणी मोकळी ठेवल्यावर दिवा जातो. म्हणून मोकळं आणि जोडलेलं, दोन्ही करून पाहा. दोन्ही वेळा दिवा तसाच राहिला तर वायरिंगकडे किंवा डॅशबोर्डवरच्या मीटरकडे वळा. ही परीक्षा फक्त दोन वायरींच्या कनेक्टरवर करायची. तीन वायरी असतील तर एकीत वीजपुरवठा असतो, चुकीची जोडणी झाली तर फ्यूज किंवा त्याहून महाग काही जाईल. आणि तपासणी झाल्यावर तार काढा, कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

६. फ्लोट अडकलाय हे कसं ओळखू?

सेन्सर चुंबकाला नीट दाद देतो, बाटली भरलेली आहे आणि तरी दिवा लागतो, तर संशय फ्लोटवर. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीत तांबूस गाळ साचतो आणि फ्लोट त्यात चिकटतो. बाटलीला बाहेरून बोटांनी टिचक्या मारल्यावर दिवा थोडा वेळ गेला, तर तेच. दुसरा प्रकार जास्त फसवा : जुना फ्लोट स्वतःच कूलंट शोषून जड होतो आणि भरल्या बाटलीत तळाशी बसतो. अशा वेळी दोन नवे सेन्सर बदलले तरी फरक पडत नाही, बाटलीच बदलावी लागते.

गाळ असेल तर बाटली काढून कोमट पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळून घ्या. आत तांदूळ किंवा वाळू घालून हलवण्याची युक्ती इथे करू नका. या बाटल्यांत आडवे पडदे असतात, दाणे त्यांत अडकतात आणि नंतर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात.

७. आंबा घाट चढतानाच दिवा लागतो, सपाटीला आलो की जातो. असं का?

पातळी किमान खुणेला टेकलेली असणार. चढावर आणि वळणावर कूलंट एका बाजूला जातं आणि सेन्सर क्षणभर उघडा पडतो. आंबोली, कुंभार्ली, कुठलाही घाट घ्या, तेच होईल. गार इंजिनावर कमाल खुणेपर्यंत भरा. त्याने दिवा थांबला तर सेन्सर चांगला आहे. मग पातळी खाली का गेली, एवढंच शोधायचं राहतं (प्रश्न १५).

८. नवा सेन्सर घेताना काय पाहायचं?

गाडीचं नाव आणि साल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल आणि डिझेलचे सेन्सर वेगळे असू शकतात. आरसीवरचा चासी क्रमांक आणि जुन्या सेन्सरवर छापलेला पार्ट नंबर, दोन्हींचे फोटो दुकानदाराला पाठवा. कनेक्टरचा आकार आणि पिनांची संख्या ताडून पाहा. ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) सोबत येते का ते विचारा, नसेल तर वेगळी मागवा. तालुक्याच्या गावात भाग नसेल आणि कोल्हापूर किंवा मुंबईहून यायचा असेल, तर तो हातात पडेपर्यंत जुना उपसू नका. रीड स्विच उलट्या अवस्थेचा आला तर बाटली भरलेली असताना दिवा लागतो आणि रिकामी झाली की जातो. म्हणून बसवण्याआधी चुंबकाने जुन्याशी तुलना करा, जुन्यात अजून जीव असेल तर.

९. सुटा सेन्सर घरच्या घरी बदलता येईल का? कसा?

येईल. तासाभराचं काम आहे. लागेल ते असं : नवा सेन्सर आणि ओ-रिंग, गाडीला चालणारं एक लिटर तयार कूलंट, मोठी सिरिंज आणि तिला लांब नळी, पसरट भांडं, हातमोजे, टॉर्च, कॉन्टॅक्ट क्लीनर.

गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण गार, इग्निशन बंद. झाकण काढा. रीड स्विच कोरड्या खोबणीत बसत असेल तर कूलंट उपसायची गरजच नाही, सेन्सर बाहेर आला तरी थेंब पडत नाही. सेन्सर थेट कूलंटमध्ये बुडत असेल तर सिरिंजने पातळी त्याच्या खाली आणा आणि उपसलेलं स्वच्छ भांड्यात ठेवा. खाली पसरट भांडं लावा, कनेक्टर काढा. आता सेन्सर. काही पाव फेरा फिरवून निघतात, काहींना बाजूला खिट्टी असते, काही आट्यांचे असतात. निघत नसेल तर पकडीने पिळू नका. वर्षानुवर्षं तापून बाटलीचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि सेन्सरऐवजी बाटलीचं तोंड तुटतं. हलकेच डावी-उजवीकडे खेळवत सोडवा.

बसण्याची जागा फडक्याने पुसा आणि जुन्या ओ-रिंगचा तुकडा आत राहिला नाही ना ते बोटाने चाचपा. नवी ओ-रिंग कूलंटमध्ये बुडवून बसवा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, कूलंटच्या कामाला वापरलेलं रबर तेलाने फुगतं आणि महिन्याभरात गळायला लागतं. सेन्सर सरळ रेषेत आत ढकला, आट्यांचा असेल तर फक्त हाताने आवळा. कनेक्टर लावा, कूलंट कमाल खुणेपर्यंत भरा आणि प्रश्न १२ प्रमाणे हवा काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सरच्या खाली कोरडं बोट फिरवून पाहा.

१०. सेन्सर बाटलीतच पक्का असेल तर?

मग पूर्ण बाटली बदलायची. बाटलीत साधारण एक-दोन लिटर कूलंट असतं, ते आधी उपसा. बाटलीचे स्क्रू काढून ती उचला, म्हणजे तळाचा कनेक्टर हाताला येतो. नळ्यांच्या स्प्रिंग क्लिपा पकडीने दाबून मागे सरकवा. नळी सरळ ओढू नका, आधी जागेवरच थोडी फिरवून चिकटलेपणा सोडवा. छोटी वरची नळी सगळ्यात नाजूक, तिचं तोंड रेडिएटरच्या बाजूला तुटलं तर खर्च कुठल्या कुठे जातो. खालची जाड नळी सुटली की उरलेलं कूलंट एकदम येतं, भांडं तयार ठेवा. झाकणही याच वेळी नवं घ्या, असा आमचा आग्रह आहे. जुन्या झाकणाचा वाल्व दाब धरत नसेल तर कूलंट उकळून जात राहतं आणि नव्या सेन्सरचा दिवा खरोखरच लागतो.

११. कूलंटऐवजी विहिरीचं पाणी घातलं तर? इथे काही बर्फ पडत नाही.

बर्फासाठी नाही, गंजासाठी आणि उकळण्यासाठी कूलंट लागतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण १०७ च्या आसपास, आणि झाकणाच्या दाबामुळे दोन्ही त्याच्याही वर जातात. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्यातला क्षार ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि इंजिनाचं हेड (वरचा भाग) आतून खातो. पागोळ्यांचं पाणीही नको, त्यात छपराची घाण आणि समुद्राकडून आलेलं मीठ असतं. मिश्रणाला पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. बाटलीवर 'पाणी' लिहिलंय, 'ॲसिड' नाही, हे वाचून घ्या. नुसतंच डिस्टिल्ड पाणीही भरू नका. त्यातून वीज जेमतेम वाहते, त्यामुळे दोन पिनांचा सेन्सर भरल्या बाटलीलाही रिकामी म्हणू शकतो.

रंग पाहून कूलंट निवडू नका. एकाच रंगात वेगवेगळी रसायनं विकली जातात आणि दोन जाती मिसळल्या तर गाळ धरतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दर्जाच घ्या. वाटेत अडचणीत पिण्याचं पाणी घालावं लागलं तर घाला, गाडी वाचवणं महत्त्वाचं. पण घरी पोचल्यावर सगळं काढून नवं भरा.

काढलेलं कूलंट परसात किंवा पऱ्ह्यात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्रीमांजरं आणि गुरं ते चाटतात. जांभ्यातून ते झिरपून विहिरीतही उतरतं. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर नाव लिहून, वापरलेलं ऑइल-कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

१२. भरल्यावर हवा कशी काढायची?

झाकण सैल ठेवून इंजिन चालू करा, हीटर पूर्ण गरम आणि पंखा मंद ठेवा. पातळी खाली जाईल तसं भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण घट्ट लावा आणि रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. मग बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा पातळी पाहा. हवेचा स्क्रू असलेल्या गाडीत तो आधी सैल करून, सलग धार आली की बंद करायचा. विजेवर चालणारा कूलंट पंप असेल तर काही गाड्यांत हवा काढायला स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लागतो, तिथे गॅरेज गाठा.

१३. नवा सेन्सर बसवला, तरी दिवा आहेच. आता?

अनेक गाड्यांत दिवा लगेच जात नाही. इग्निशन दोन-तीनदा बंद-चालू करा, दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा. हवा निघून पातळी खाली गेली आहे का पाहा, हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. तरीही राहिला तर वायर बघा. पावसाळ्यात उंदीर गरम, कोरड्या जागेसाठी इंजिनात शिरतात आणि याच बारीक वायरी कुरतडतात, विशेषतः गाडी भाताच्या कणगीजवळ किंवा लाकडांच्या ढिगाशेजारी लागत असेल तर. तुटलेली वायर पिळून टेप लावणं खाऱ्या हवेत एक पावसाळाही टिकत नाही. डाग देऊन (सोल्डर करून), आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी चढवा आणि दोन वायरींचे सांधे शेजारी शेजारी घेऊ नका. स्वस्त ओबीडी स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो. हा दिवा डॅशबोर्डचं मीटर लावत असेल तर त्यात काहीच दिसणार नाही.

१४. गॅरेजवाला म्हणतो वायर जोडून दिवा कायमचा बंद करतो. करू दे का?

नाही. हा दिवा इंजिन तापण्याच्या आधी सावध करतो. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच खरं सांगतो. नळी फुटून सगळं कूलंट गेलं की तो हवेत उघडा पडतो, काटा मधेच राहू शकतो आणि तोवर इकडे हेड वाकतं, त्याच्याखालचं सील म्हणजे गॅस्केट जळतं. सेन्सरच्या किमतीपुढे तो खर्च फार मोठा आहे. भाग येईपर्यंत दिवा लागलेलाच राहू द्या आणि रोज सकाळी गार इंजिनावर पातळी पाहा. जुनी गाडी विकत घेताना बाटलीचा कनेक्टर काढून, आत किंवा मागच्या वायरीत कोणी तार जोडून ठेवली नाही ना, हेही बघून घ्या.

१५. दर आठवड्याला कूलंट भरावं लागतं. नवा सेन्सर बसवल्याने थांबेल का?

थांबणार नाही. सेन्सर बरोबर सांगतोय, गळती शोधा. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग कुठे आहे ते पाहा. नळ्यांचे सांधे, वॉटर पंपाखालची जागा, रेडिएटरच्या कडा तपासा. पायाशी चटई ओली आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हीटरची जाळी गळतेय. बाहेर काहीच सापडत नसेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी चालवणं थांबवा. फक्त आखूड फेऱ्या होणाऱ्या गाडीत पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली थोडा फेस नुसत्या ओलाव्यानेही येतो. म्हणून डिपस्टिकवरचं ऑइलही पाहा आणि गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या.

१६. पुराच्या पाण्यात गाडी होती. सेन्सर बदलावा लागेल का?

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आला तसा पूर असेल तर सेन्सर हा शेवटचा विषय. इंजिन सुरू करू नका, बॅटरी सोडा, गाडी टो करून न्या. इंजिन आणि वायरिंगची तपासणी होईल तेव्हा हा कनेक्टरही उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून घ्यायला सांगा. सेन्सर बंद घडणीचा असतो, तो बऱ्याचदा वाचतो. कनेक्टरमधल्या पिना मात्र चिखलाने जातात. पुळणीवर गाडी नेली किंवा जेटीवर लाटेचं पाणी बसलं, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरची धार थेट कनेक्टरवर मारू नका.

१७. बॉनेटखाली दोन बाटल्या आहेत. दिवा कुठल्या बाटलीचा?

टर्बोच्या काही गाड्यांत इंटरकूलरचं कूलंट वेगळं असतं, हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर, इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरीसाठी वेगळी फेरी असू शकते. प्रत्येक बाटलीला आपला सेन्सर असेलच असं नाही. पुस्तिकेतल्या आकृतीवरून बाटल्या ओळखा आणि एकातलं कूलंट दुसऱ्यात घालू नका. इलेक्ट्रिक गाडीत काही कंपन्या वीज कमी वाहून नेणारं खास कूलंट वापरतात, तिथे बाजारातलं साधं कूलंट चालत नाही. आणि नारिंगी आवरणाच्या वायरींच्या जवळपास काम असेल तर ते घरी करू नका. पातळी बाहेरून पाहा आणि पुढचं कंपनीच्या अधिकृत केंद्रावर सोपवा.